विल्यम बर्डचं ‘आवे वेरुम कॉर्पुस’ : वसईतल्या क्वायरच्या तालमींच्या नोंदी

२७ एप्रिल २०२५, रविवार

काल पोप फ्रान्सिस यांच्या अंत्यविधीचं प्रक्षेपण घराघरांत लागलं होतं. आज उपासनेनंतर क्वायरमधले (चर्चच्या गायकवृंदातले) बरेच जण त्यातल्या लॅटिन गायनाबद्दलच बोलत होते. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सगळी उपासना मराठीत होते, तरुणांनी लॅटिन गायलेलंच नाही. आल्टोतल्या (बायकांच्या खालच्या आवाजातल्या) वयाने सगळ्यांत मोठ्या मावशींना मात्र लहानपणीचं ‘तांतुम एर्गो’ हे लॅटिन गीत आजही पाठ आहे. त्यांनी ते तिथल्या तिथे गुणगुणून दाखवलं आणि विषय पक्का झाला. २२ जूनला कॉर्पस ख्रिस्तीचा, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाचा सण आहे. कम्युनियनच्या वेळी (लोक पवित्र भाकर घेतात तेव्हा) एक लॅटिन गीत चालेल, असं फादरांनी सांगितलं.

मी विल्यम बर्ड या जुन्या इंग्रज संगीतकाराचं ‘आवे वेरुम कॉर्पुस’ सुचवलं. सणाला साजेसं आहे, चार आवाजांचं आहे, वाद्याची गरज नाही, लांबी चार मिनिटांच्या आसपास. याच शब्दांवर मोझार्टने १७९१ साली केलेली रचना जास्त प्रसिद्ध आहे. ती फक्त ४६ मापांची (तालाच्या ठरावीक भागांची) आणि अतिशय सुंदर आहे, पण तिला तंतुवाद्यं आणि ऑर्गन हवा, आणि आमचा कीबोर्ड तो भार पेलणार नाही. बर्डला फक्त गळे पुरतात.

आमचे गळे असे: सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) भरपूर, आल्टो मोजक्या, टेनर (पुरुषांचा वरचा) अगदी थोडे, बेस (पुरुषांचा खालचा) दमदार पण सावकाश शिकणारे. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन) वाचणारे हाताच्या बोटांवर. बाकीचे पेटीवर, सरगमवर आणि कानावर चालणारे. काहींनी गांधर्वच्या परीक्षा दिल्या आहेत. अशाच क्वायरसोबत कुणाला हे करायचं असेल त्यांच्यासाठी या नोंदी ठेवते आहे.

३० एप्रिल

संहितेची जमवाजमव. बर्ड १६२३ साली वारला, त्यामुळे मूळ रचनेवर कुणाचा हक्क नाही. कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी या वेबसाइटवर तिच्या अनेक आवृत्त्या फुकट मिळतात. डाउनलोड करण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, स्वर कुठे धरला आहे: काही संपादकांनी सगळं वर सरकवलेलं असतं. मी ‘जी मायनर’मधली घेतली, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाचचा सा. दुसरं, त्यात छापलेल्या ‘हळू’, ‘मोठ्याने’, ‘आणखी हळू’ अशा सूचना बर्डच्या नाहीत. ही रचना पहिल्यांदा छापली गेली त्या १६०५ च्या पुस्तकांत लय किंवा आवाजाचा जोर याबद्दल काहीही लिहिलेलं नाही. त्या मी म्युझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुसून टाकल्या. यात दोन संध्याकाळी गेल्या, पण त्या सत्कारणी लागल्या. गायकाच्या कागदावर ‘हळू’ छापलेलं असलं की तो शब्दांकडे बघतच नाही.

४ मे

पहिली तालीम, फक्त शब्दांची. आधी अर्थ सांगितला: ‘कुमारी मारियेपासून जन्मलेल्या खऱ्या देहा, तुला वंदन, माणसासाठी क्रूसावर ज्याने खरोखर दुःख भोगलं, बलिदान दिलं, ज्याच्या भोसकलेल्या कुशीतून रक्ताची धार वाहिली, मृत्यूच्या परीक्षेत आम्हाला तुझी चव आधीच मिळालेली असो.’ पुढे आळवणी: ‘हे मधुरा, हे दयाळा, हे येशू, मारियेच्या पुत्रा, माझ्यावर दया कर.’

उच्चार रोमन पद्धतीचे ठेवले. मराठी जिभेला लॅटिन तसं सोपं जातं: त आणि द दंत्य, स्वर स्वच्छ. अडचण आली ती लिपीची. मी ‘क्रूचे’ असं लिहिलं होतं आणि सगळ्यांनी ते ‘रामाचे’ मधल्या ‘चे’सारखं वाचलं. आपण ‘च’ दोन प्रकारे उच्चारतो आणि लिहितो एकच. कागदावर ‘क्रूच्ये’ केलं आणि प्रश्न सुटला. ‘दुल्चिस’, ‘विर्जिने’ जसेच्या तसे चालले. ‘होमिने’मधला ह गायचा नाही, म्हणून ‘ओमिने’ लिहिलं. ‘मिझेरेरे’मध्ये दोन्ही ‘रे’ सुटे ऐकू आले पाहिजेत; बेस मंडळी पहिला गिळतात.

एका सोप्रानोने मोझार्टची प्रत काढून आणली होती. तिथे ‘उंदा फ्लुक्सित एत सांग्विने’ आहे, बर्डकडे ‘एत’ नाही. दोन्ही प्रती एकाच बाकावर असल्या की हा ‘एत’ गाण्यात शिरतोच. मोझार्टची प्रत बाजूला ठेवायला लावली.

११ मे

आजची तालीम फसली. कशी ते तपशिलात लिहिते, कारण या रचनेचा जीवच या जागी आहे.

सुरुवात चारही आवाजांनी एकत्र, लांब स्वरांत. सा पांढरी पाच धरला तर पहिला स्वरसमूह सा-कोमल ग-प. ‘आवे’च्या दुसऱ्या अक्षरावर प-शुद्ध नी-रे. तिथे शुद्ध निषाद सोप्रानोकडे आहे. आणि लगेच पुढच्या अक्षरावर, ‘वेरुम’च्या ‘वे’वर, बेस कोमल निषादावर जातो: कोमल नी-रे-म. एका आवाजातला शुद्ध नी अजून कानात असताना दुसऱ्या आवाजातून कोमल नी येतो. इंग्लंडच्या त्या काळातल्या संगीतात हा प्रकार पुष्कळ आढळतो, पण गीताच्या अगदी तोंडावर, इतक्या उघडपणे ठेवलेला क्वचितच.

मी चारही आवाज पेटीवर वाजवत होते. बेसला कोमल नी ‘चुकल्यासारखा’ वाटला, म्हणून ते नकळत शुद्ध नी गायला लागले. मी थांबवून पुन्हा दाखवलं. मग सोप्रानोंनी बेसचा कोमल नी ऐकून आपला शुद्ध नी खाली आणला, आणि दोघं मधेच कुठेतरी भेटले. पेटी जोरात असल्यामुळे मला स्वतःला ते उशिरा कळलं. पेटी बंद केली तेव्हा दिसलं की सगळे तिच्यावर रेलून उभे होते, एकमेकांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

पेटीचा आणखी एक घोटाळा. प-नी-रे या समूहात नी जितका गोड लागायला हवा तितका पेटीवर लागत नाही. पंचमाला सा धरलं तर हा नी त्याचा गंधार होतो, आणि पेटीचा शुद्ध नी त्या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट). ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे ते आपोआप खाली, बरोबर जागी लावत होते, आणि मी त्यांना पेटीकडे ओढत होते. याच तालमीआधी पेटी सुरात लावून घेण्यासाठी १,२०० रुपये खर्च केले होते. ते या कामापुरते वाया गेले.

१४ मे

फक्त सोप्रानो आणि बेसना बोलावलं. पेटी आणलीच नाही.

सरगमचा कागद तयार केला, चारही ओळी एकाखाली एक. मग देसची आठवण करून दिली: आरोहात शुद्ध नी, अवरोहात कोमल नी, दोन्ही निषाद एका रागात नांदतात, कुणाला खटकत नाहीत. हे सगळ्यांना लगेच पटलं. पण देसमध्ये दोन्ही निषाद एकाच गळ्यातून, एका चलनाच्या ओघात येतात. इथे ते दोन माणसांच्या गळ्यांतून येतात, आणि दोघांनीही आपल्या निषादावर ठाम राहायचं आहे. सोप्रानोने बेसची समजूत काढायची नाही, बेसने सोप्रानोची नाही.

ज्याने काम झालं ती युक्ती अशी. दोन्ही समूहांत रिषभ समान आहे: प-नी-रे आणि कोमल नी-रे-म. आधी उरलेल्या सगळ्यांना फक्त रे धरायला लावला, लांब, न हलवता. त्या रे वर सोप्रानोने शुद्ध नी लावला, थांबली. मग रे तसाच ठेवून बेसने कोमल नी लावला. रे खांबासारखा उभा असला की दोन्ही निषाद त्याच्याशी आपापलं नातं जोडतात आणि एकमेकांना ओढत नाहीत. काही वेळातच जागा बसली. नंतर सगळे आवाज मूळ ओळीवर आले तरी ती टिकली.

मग मी त्यांना सांगितलं की ही जागा कुठल्या शब्दावर येते ते बघा. ‘वेरुम’ म्हणजे खरा. त्या वेळच्या इंग्लंडमध्ये, भाकरीत ख्रिस्ताचा देह खरोखर आहे की नाही, यावरून कडवा वाद होता, आणि कॅथलिक उपासनेपायी माणसं तुरुंगात जात होती. बर्ड कॅथलिक होता. त्याने तो शब्द गुळगुळीत होऊ दिला नाही. एक बेस काका, जे आजवर ‘हे स्वर असे का’ म्हणत होते, ते यानंतर कोमल नी असा लावायला लागले की मला हात वर करून थोडं आवरावं लागलं.

१८ मे

लग्नसराई. टेनर एकच हजर, आल्टो अर्ध्या. तालीम घेतली, पण पुढे काही सरकलं नाही.

ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर एकेका आवाजाचं रेकॉर्डिंग टाकलं होतं, म्युझस्कोरच्या यांत्रिक आवाजातलं. त्याने नुकसानच झालं. लोक ओळ पाठ करून आले, पण यंत्रासारखी: प्रत्येक स्वराला सारखा जोर, लॅटिन शब्दाचा आघात कुठेच नाही, आणि शेजारचा आवाज आला की गोंधळ. ती रेकॉर्डिंग काढून टाकली. दोन दिवस घालवून माझ्या आणि भावाच्या आवाजात नवी केली. प्रत्येकात हवी ती ओळ मोठी आणि बाकीच्या तीन मंद, पण ऐकू येतील अशा. हे आधीच करायला हवं होतं. चार आवाजांचं गाणं एकेकट्या आवाजात घरी पाठ करून घेऊ नये.

२६ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. कालची तालीम रद्द, आज वीज नाही. मोकळ्या वेळात क्वायरला वाचायला द्यायला एक पानभर मजकूर लिहिला. त्यातला भाग इथे ठेवते, कारण गाण्याचे पुढचे निर्णय त्यावरून घेतले.

बर्ड १५७२ पासून राणी एलिझाबेथच्या चॅपल रॉयलमध्ये, म्हणजे दरबारी गायकवृंदात होता. १५७५ मध्ये त्याला आणि त्याचा गुरू टॉमस टॅलिस याला संगीत छापण्याचा एकाधिकार राणीनेच दिला. म्हणजे दरबारी मान होता, आणि तरीही तो व त्याचं घर कॅथलिक राहिलं, अँग्लिकन (इंग्लंडच्या सरकारी चर्चच्या) उपासनेला न गेल्याबद्दल खटले आणि दंड सोसत राहिलं. १५९० च्या दशकात तो लंडनचा परिसर सोडून एसेक्समधल्या स्टॉन्डन मॅसी या गावी गेला. तिथून जवळच इंगेटस्टोन इथे पीटर हे कॅथलिक सरदार घराणं राहत होतं. कॅथलिक उपासना अशा घरांमध्ये, दारं लावून होत असे. ‘आवे वेरुम’ १६०५ साली ‘ग्रादुआलिया’ या त्याच्या गीतसंग्रहाच्या पहिल्या भागात छापलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पार्लमेंट उडवण्याचा कट उघडकीला आला आणि कॅथलिकांवर नजर आणखी कडक झाली. ही पुस्तकं जवळ सापडली म्हणून लंडनमध्ये एका फ्रेंच माणसाला तुरुंगात टाकल्याची नोंद आहे. दुसरा भाग १६०७ मध्ये आला.

आमच्यासाठी यातून निघालेलं: हे मोठ्या कॅथीड्रलच्या घुमटासाठी लिहिलेलं संगीत नाही. खोलीत उभ्या असलेल्या थोड्या माणसांसाठी आहे. विल्यम वेस्टन या जेझुइट धर्मगुरूने १५८६ मध्ये रिचर्ड बोल्ड यांच्या घरी झालेल्या अशा गुप्त उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. बर्ड तिथे होता. घरात ऑर्गन होता, आणि घरातलेच स्त्री-पुरुष गात होते. आमच्या सोप्रानोंना हे वाचून फार बरं वाटलं. चर्चमधलं जुनं लॅटिन संगीत म्हणजे फक्त पुरुषांचं आणि मुलग्यांचं, अशी त्यांची समजूत होती.

१ जून

‘ग्रादुआलिया’ स्कोअरच्या रूपात (सगळ्या आवाजांच्या ओळी एकाखाली एक) छापलेलंच नव्हतं. प्रत्येक आवाजाचं वेगळं पुस्तक, त्यात फक्त स्वतःची ओळ, मापांच्या उभ्या रेघाही नाहीत. तसं करून बघायचं ठरवलं. म्युझस्कोरमधून चार वेगळ्या प्रती काढल्या, मापरेघा लपवल्या, सरगमवाल्यांसाठी खाली सरगम. झेरॉक्स ४२० रुपये.

पहिला अर्धा तास भयंकर गेला. सगळे हरवले. मोजणारे मोजत राहिले आणि तरी चुकले, कारण रेघा नाहीत तर सम कुठे धरायची. मग मी सांगितलं की मोजू नका, शब्दाचा आघात धरा: पास्सुम, इम्मोलातुम, प्रेगुस्तातुम. आणि शेजारच्याचा शब्द ऐका. त्यानंतर दोनदा तुटून तिसऱ्यांदा ‘एक्सामिने’पर्यंत सगळे एकत्र पोचले. त्या ओळीपाशी पहिला मोठा विसावा आहे. तिथे खोलीत जो एकसंध सूर लागला तो या आधी एकदाही लागला नव्हता.

माझं मत: नोटेशन वाचता येत नाही ही आपल्या क्वायरची उणीव आपण उगाच मोठी करतो. चार ओळींचा स्कोअर हातात असला की डोळे कागदात राहतात. स्वतःची ओळ तेवढी हातात असली की बाकीचे तीन आवाज कानानेच घ्यावे लागतात. बर्डच्या गायकांनाही तेच करावं लागत होतं. ज्यांना स्कोअर वाचता येतो त्यांनीही एकदा तरी असं गाऊन बघावं.

५ जून

‘ओ दुल्चिस, ओ पिए, ओ येसू’. इथे सोप्रानो पुढे होऊन हाक देतात आणि खालचे तीन आवाज मागून साथ देतात. हे आमच्या लोकांना सहज जमलं. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी धरायचं हे रक्तातच आहे. फक्त तीन ‘ओ’ सारखे येत होते. पहिला ते तिसरा थोडा थोडा उघडत नेला, जोर न वाढवता.

‘मिझेरेरे मेई’ला मात्र काम लागलं. आतापर्यंत बहुतेक एकत्र चालणारे आवाज इथे सुटतात. एकामागून एक येऊन तीच विनवणी करतात. आमच्या मंडळींनी ती भजनासारखी गायली: स्वरावरून स्वरावर मींड, शेवटी छोटा कण. एकट्याचा गळा ऐकला तर ते खरंच हृद्य होतं. पण चार आवाज असे घसरत येऊ लागले की कुठला स्वर कुणाशी जुळतो आहे ते कळेना, आणि दोन ओळींमध्ये मुद्दाम ठेवलेला ताण विरघळून जाऊ लागला. मींड बंद केली. स्वर थेट, मध्यावर लावायचा. हे सांगताना मला जड गेलं, कारण त्या मींडीत भाव होता. म्हणून भावाला दुसरी जागा दिली: प्रत्येक आवाजाने आपला ‘मिझेरेरे’ सुरू करताना तो शब्द पुढे ठेवायचा, आणि पुढचा आवाज आत आला की आपण एक पाऊल मागे. विनवणी एका गळ्याकडून दुसऱ्याकडे जाते. आज शेवटच्या वेळी हे झालं तेव्हा मावशी गाता गाता थांबून ऐकायला लागल्या.

हा ‘ओ दुल्चिस’पासूनचा भाग बर्डने पूर्ण दुसऱ्यांदा गायला लावला आहे. काही क्वायर वेळ वाचवायला तो गाळतात. आम्ही ठेवला. दया मागताना एकदा मागून पुरत नाही.

८ जून

सूर उतरतो आहे. पांढरी पाचवर सुरू करतो आणि आमेनपर्यंत जवळजवळ अर्धा स्वर खाली. वाद्य नसलेल्या गायनात हे सगळीकडे होतं, पण इथे बेसच्या खालच्या जागा त्यामुळे हवेत विरतात.

काय करून पाहिलं:

तंबोऱ्याचं ॲप, सा-प. पहिल्या दोन स्वरसमूहांना उत्तम. तिसऱ्यात, कोमल नी-रे-म आला की सा-प दोन्ही भांडतात, आणि लोक तंबोऱ्याकडे झुकून पुन्हा निषाद बिघडवतात. आता तंबोरा फक्त तालमीच्या सुरुवातीला, पहिला स्वरसमूह लावून घेण्यापुरता. त्या कामाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

श्वास. सगळे एकाच ठिकाणी श्वास घेत होते आणि प्रत्येक श्वासानंतर थोडे खाली येत होते. एका आवाजातल्या गायकांना वेगवेगळ्या जागा वाटून दिल्या, कागदावर खुणा केल्या. निम्मा फरक यानेच पडला.

लय. आम्ही फार सावकाश गात होतो, कारण पवित्र म्हणजे सावकाश असं सगळ्यांच्या मनात बसलं आहे. लय थोडी पुढे नेली. पूर्वी पाच मिनिटांच्या जवळ जात होतं, आता चारच्या आत-बाहेर.

आणि शेवटी, सा काळी चारवर नेला, अर्धा स्वर वर. कारण सांगणं कठीण आहे, पण ही जुनी युक्ती आहे आणि चालते. पांढरी पाचवर ज्या जागी गळे सैल पडत होते तिथे ते जागे राहतात. आमच्या आल्टोंनाही सुटल्यासारखं झालं, त्यांची ओळ बायकांच्या गळ्याला बरीच खाली जाते. एका हलक्या आवाजाच्या टेनरला आल्टोत उभं केलं आहे. टेनर त्यामुळे अगदीच कमी उरले, पण आल्टोची ओळ बुडाली की सगळंच पोकळ होतं.

१५ जून

चर्चमध्ये पहिली तालीम. हॉलमध्ये जे स्वच्छ होतं ते इथे मिसळून गेलं. दगडी भिंती, उंच छत, वर पावसाचा आवाज. वरच्या माडीवरून गायलो तेव्हा बेस मागे घुमत राहिले आणि त्यांचा कोमल निषाद खाली पोचेपर्यंत सोप्रानोंचा शुद्ध निषाद तिथेच रेंगाळत होता; दोन्ही एकत्र वाजून नुसता गढूळपणा. खाली, वेदीच्या बाजूला, अर्धवर्तुळात उभे राहिलो. बेस मध्यभागी, सोप्रानो दोन्ही टोकांना. लगेच फरक पडला. माइक नाकारले. साउंडवाल्याने आग्रह केला, पण एक माइक चार आवाजांतला जो जवळ असेल त्यालाच उचलतो.

‘आवे’नंतर केसभर थांबावं का, यावर बराच वाद झाला. थांबलं तर शुद्ध नी विरतो आणि कोमल नी सभ्यपणे येतो. मी थांबू दिलं नाही. टक्कर ऐकू येत नसेल तर बर्डचं गाणं गाण्यात अर्थ नाही.

शेवटचा आमेन. इतका वेळ कोमल गंधारात राहिल्यावर अखेरच्या स्वरसमूहात शुद्ध गंधार येतो. ज्यांच्या वाट्याला तो आहे ते भीत भीत लावतात, आणि भीतीने तो खालीच लागतो. त्यांना बाकी सगळ्यांच्या सा-प वर तो गंधार एकट्याने, पुन्हा पुन्हा लावायला लावला. भूपात रोज लावता तोच आहे हा, अनोळखी नाही, असं सांगितलं. मग बसला.

२२ जून, कॉर्पस ख्रिस्ती

गायलो. सकाळपासून पाऊस, दोन बेस उशिरा पोचले, एक सोप्रानो तापामुळे आलीच नाही. सुरुवातीचा सूर पेटीवरून एकदाच, हळू दिला.

‘आवे वेरुम’ची जागा अगदी जशी हवी तशी लागली. समोरच्या बाकावरच्या एकदोघांनी मान वर करून पाहिलं, म्हणजे ती ऐकू गेली. ‘कूयुस लातुस’ला टेनर एका मात्रेने आधी आले. मापरेघांच्या प्रतींची सवय असती तर तिथे सगळं कोसळलं असतं. इथे आल्टोंनी त्यांचा शब्द ऐकून पुढच्या अक्षरावर त्यांना धरलं आणि कुणाला कळलंही नाही. दुसऱ्या ‘मिझेरेरे’ला दोनचार गळ्यांत मींड परत आली. ऐकताना मला त्याचं वाईट वाटलं नाही, पण पुढच्या वेळी ती पुन्हा काढावी लागेल. शेवटी काळी चारच्या थोडं खाली उतरलो, पाव स्वरापेक्षा कमी.

कम्युनियनची रांग मात्र लांब होती. गाणं संपलं तेव्हा निम्मे लोक अजून उभे होते. एक मराठी गीत तयार होतं, ते लगेच घेतलं. तुम्हीही तसं काहीतरी हाताशी ठेवा.

२४ जून

हिशेब: पेटीचा सूर १,२०० (टाळता येईल), झेरॉक्स एकूण ७१०, मावशींची आणि आणखी एका आजोबांची रिक्षा मिळून ६४०, चहा-नाश्ता १,८५० रुपये. संहिता आणि सॉफ्टवेअर फुकट. हॉल धर्मग्रामाचा, भाडं नाही.

पुन्हा करायचं झालं तर क्रम बदलेन. पहिल्याच तालमीला, शब्दांच्या आधीही, रे धरून दोन निषादांचा तो सराव घेईन. वेगळ्या आवाजांच्या प्रती पहिल्या दिवसापासून देईन. एकेकट्या आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवणारच नाही. मे महिन्यात टेनर मिळत नाहीत हे गृहीत धरून फेब्रुवारीतच सुरुवात करेन.

सरगमच्या चार प्रतींमध्ये टेनरच्या ‘कूयुस लातुस’पाशी श्वासाची खूण चुकीच्या जागी पडली होती, रविवारची घाई बहुधा तिथूनच आली. ती दुरुस्त करून फाइल क्वायरच्या ग्रुपवर टाकली आहे. जुन्या प्रती फाडून टाकाव्यात.